बीपीची गोळी कॅल्शियम अडवते, मग हाडांचं काय?

प्रश्न: आईचं वय ६८, बीपीसाठी रोज अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू आहे आणि हाडं ठिसूळ झालीत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्याही. नेटवर वाचलं की ही बीपीची गोळी म्हणजे 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर'. एका गोळीने अडवायचं आणि दुसरीने द्यायचं, हे कसं काय? आईने तर घाबरून कॅल्शियम बंदच केलंय. शिवाय संध्याकाळी घोटे सुजतात. – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, दोन्ही गोळ्या बरोबर चालतात, आईंना सांगा की डॉक्टरांनी दिल्यात तशा दोन्ही घ्या. बीपीच्या गोळीने हाडातलं कॅल्शियम कमी होत नाही आणि रक्तातलंही नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडं-दातांत. गोळीचं काम चालतं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत, तिथल्या अनैच्छिक स्नायूंच्या पेशींवर.

या पेशींच्या बाहेर जेवढं कॅल्शियम असतं त्याच्या दहा हजाराव्या भागाइतकं आत असतं, म्हणजे धरणाच्या भिंतीला एका बाजूने पाणी टेकलेलं असावं तसं, आणि चॅनल म्हणजे त्या भिंतीतले दरवाजे. नसेकडून किंवा हार्मोनकडून इशारा आला, पेशीच्या आवरणाचा व्होल्टेज बदलला की एल-टाइप नावाचे हे दरवाजे उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं, पेशीतल्या साठ्यातलंही थोडं सुटतं, मग ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, ती जोडी एका एन्झाइमला जागं करते, ते एन्झाइम मायोसिन या स्नायूतल्या प्रोटीनवर फॉस्फेट बसवतं आणि मायोसिन शेजारच्या अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रोटीनच्या धाग्याला ओढायला लागतं. झालं, स्नायू आवळला, रक्तवाहिनी अरुंद झाली. अ‍ॅम्लोडिपिन यातले बरेच दरवाजे उघडूच देत नाही, सगळे मात्र बंद करत नाही. आणि रक्तवाहिनी थोडीशी सैल झाली तरी फरक मोठा पडतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, दाब तोच धरला तर त्रिज्या १० टक्क्यांनी वाढल्यावर प्रवाह जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढतो.

हे कळलं कसं तेही सांगतो, मला फार आवडतं ते. १८८३ मध्ये लंडनला सिडनी रिंगर यांनी दाखवलं की बेडकाचं हृदय डिस्टिल्ड वॉटरमधल्या मिठाच्या द्रावणात नीट आकुंचन पावत नाही, नळाच्या पाण्यातल्या द्रावणात पावतं, कारण त्या पाण्यात कॅल्शियम होतं. मग १९६० च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्गला आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांच्या लक्षात आलं की व्हेरापामिलसारखी औषधं (तीही आज याच गटात मोडतात) दिली की हृदयाचा स्नायू असा वागतो जणू कॅल्शियम काढूनच घेतलंय, वरून कॅल्शियम घातलं की परत ताकद येते. तिथून हा सगळा औषधांचा गट उभा राहिला.

आता सूज. गोळी धमन्यांच्या बारीक फांद्या सैल करते पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं, दिवसभर उभं राहिल्यावर ते घोट्यात जमतं. म्हणून लघवी वाढवायची गोळी इथे फारशी चालत नाही. डॉक्टर बहुतेक वेळा डोस कमी करतात किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखी बीपीचीच वेगळ्या गटातली गोळी देतात, तिने शिराही सैल होतात. पण सूज आहे हे त्यांना सांगाच, हृदय-किडनीमुळेही येते. एकाच पायाला सूज आणि दुखतंय, किंवा दम लागतोय, तर त्याच दिवशी दाखवा. आणि कृपा करून बीपीची गोळी मनाने बंद करू नका, हिचा असर अंगात बराच वेळ टिकतो, त्यामुळे बंद केल्यावर एक-दोन दिवस काहीच जाणवत नाही आणि लोक फसतात.

प्रश्न: मलाही हीच गोळी आहे, वय ४१, जिमला जातो. कॅल्शियम अडवलं तर दंडाची ताकद जाईल का?

उत्तर: नाही जात. दंडाच्या स्नायूतही चॅनल आहेत पण तिथे ते मुख्यतः व्होल्टेज ओळखून आतल्या साठ्याला थेट इशारा देतात, बाहेरून कॅल्शियम आत यावंच लागतं असं नाही, लागणारं सगळं साठ्यातून मिळतं. परिणाम दिसतो तो अनैच्छिक स्नायूंवर: व्हेरापामिलने बद्धकोष्ठ होतं कारण आतडी सुस्तावतात, आणि याच गटातलं निफेडिपिन तर मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर त्या थोपवायलाच वापरतात, गर्भाशयही याच जातीचा स्नायू. तुम्ही काळजी घ्यायची ती वेगळी, श्वास रोखून जड वजन उचलताना बीपी त्या क्षणी खूप वर जातं, तेव्हा आधी रीडिंग आटोक्यात येऊ द्या, मग डॉक्टरांना विचारून वजन वाढवा आणि उचलताना श्वास सोडत राहा.