ख्रिस्ती विश्वासू असूनही देवाविषयी शंका येतात. हे पाप आहे का? मंडळीत कोणाला सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की सहा-सात महिने झाले, प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. रविवारी सगळे गातात तेव्हा तुमचे नुसते ओठ हलतात. आणि मंडळीतल्या ज्या एका भावाला मन मोकळं करून सांगितलंत, तो म्हणाला, "संशय हे पाप आहे, पश्चात्ताप करा." मी एरवी इथे फक्त वाचते. पण हेच मला चारचौघांत ऐकवलं गेलंय, तेही आई गेल्यानंतर तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला, म्हणून लिहायला बसले.

पाप नाही. हे आधी डोक्यातून काढून टाका.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, बाबा गिरणीत लागले म्हणून भायखळ्याला आले. माझा बाप्तिस्मा, शब्बाथशाळा, दृढीकरण, सगळं इथेच झालं. बाराव्या वर्षापासून उपासनेत पेटी वाजवते. सांगायचा मुद्दा, मी बाहेरून आत डोकावून बोलत नाहीये.

2012 च्या पावसाळ्यात आईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी मोजून प्यायचं. आईचं एक स्टीलचं भांडं होतं, सकाळी ते भरून ठेवायचं आणि चहा, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं त्यातून वजा करायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन आली की त्या छोट्या प्याल्यातल्या घोटाएवढं पाणीसुद्धा ती भांड्यातून मोरीत ओतायची. म्हणायची, "तेवढं झालंय माझं."

डाव्या हाताला फिस्टुला केला होता, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडली होती. त्यावर बोटं ठेवली की आत घरघर लागते, मांजर मांडीवर घुरघुरतं तशी. रोज सकाळी हात लावून बघा, घरघर लागली म्हणजे नस चालू आहे, असं तिथल्या सिस्टरांनी शिकवलं होतं. ऑफिसला निघण्याआधी मी आईच्या मनगटाशी बोटं टेकवून उभी राहायचे. देव ऐकतो की नाही याची तेव्हाच मला खात्री वाटेनाशी झाली होती. सकाळची ती घरघर मात्र रोज लागायची.

आईचे मोठे भाऊ, माझे मामा, मंडळीत वडील आहेत, म्हणजे मंडळीची जबाबदारी असलेल्या ज्येष्ठांपैकी एक. 2013 च्या दिवाळीनंतर त्यांनी आईला एका आरोग्यसभेला नेलं, जिथे प्रार्थनेने आजार बरे व्हावेत म्हणून लोक जमतात. मोठं मैदान, बाहेरगावचा प्रचारक. नाव लिहीत नाही. व्यासपीठावरून सांगण्यात आलं की किडनीच्या आजाराच्या एका बहिणीला प्रभू या क्षणी स्पर्श करतोय, तिने विश्वासाने उभं राहावं. आई उभी राहिली. मामा रडले. मीही रडले.

पुढच्या मंगळवारी आई डायलिसिसला निघेना. "मागितलं आणि मिळालं. आता पुन्हा सुई टोचून घेतली तर विश्वास कुठे राहिला?" हे शब्द तिचे नव्हते, कोणाचे होते ते मला कळत होतं. मी भांडले, मामांना फोन केला. ते म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस." मंगळवार गेला, गुरुवारही गेला. शुक्रवारी रात्री तिला धाप लागली. आडवं होता येईना. खुर्चीत बसवून, खुर्चीसकट तीन मजले खाली उतरवली. पुढून मामांनी धरलं होतं, मागून शेजारच्या दोन पोरांनी. फुफ्फुसांत पाणी भरलेलं, पोटॅशियम चढलेलं. रातोरात डायलिसिस केलं म्हणून वाचली.

त्यानंतर पाच महिने होती. एका शनिवारी मशीन चालू असताना मला म्हणाली, "मला हल्ली प्रार्थना येत नाही गं. तू कर, मी आमेन म्हणते."

मी म्हटलं, "आई, मलाही येत नाही."

मला वाटलं, हिला लागलं असणार. पण तिने उशीवरच मान वळवली आणि म्हणाली, "मग वाच काहीतरी. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' नको, ते सगळेच येऊन वाचून जातात."

मी स्तोत्र 88 काढलं. वरच्या ओळीत हेमान एज्राही याचं नाव आहे. पवित्र शास्त्रात रडगाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळतात आणि देवाची स्तुती करून थांबतात. हे वळत नाही. परमेश्वरा, तू तोंड का लपवतोस, असं विचारतं आणि शेवट अंधारावर होतो, उत्तर येतच नाही. मी वाचायची थांबले तशी आई म्हणाली, "संपलं? पुढे नाही काही?"

"नाही."

"बरं झालं. कोणीतरी खरं लिहिलं." मग आमेन म्हणाली. त्या दिवसापासून माझा हात सारखा त्याच पानावर जातो. हे स्तोत्र ज्यांनी शास्त्रात ठेवलं त्यांनी ते चुकून ठेवलेलं नाही. देवापुढे असंही बोलता येतं हे मागाहून येणाऱ्यांना कळावं म्हणून ठेवलंय.

2014 च्या एप्रिलमध्ये आई गेली. शिवडीला पुरली. तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना होती, खोलीभर माणसं. मामा उठून बोलले, "माझ्या बहिणीचा विश्वास होता. घरातल्यांचा कमी पडला. संशय धरणाऱ्याला प्रभूपासून काही मिळत नाही, याकोबाने लिहून ठेवलंय." मी चहा ओतत होते. दोन-तीन जणींनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मी पुढचा कप भरला. तेव्हा उत्तर देता आलं नाही, ते आज देते. तुमच्या त्या भावालाही दाखवा.

नव्या करारात याकोबाचं पत्र आहे, त्यातलं ते वचन पहिल्या अध्यायातलं आहे, समुद्राच्या लाटेसारखा हेलकावणारा माणूस. त्याच्या आधीचं वचन वाचा. तिथे ज्ञान मागण्याविषयी चाललंय, रोगमुक्तीविषयी नाही. आजाऱ्याविषयी याकोब पाचव्या अध्यायात लिहितो, आणि काय लिहितो? आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. प्रार्थना करणार कोण? वडील. मामा, वडील तुम्ही होतात! माझी आई आजारी होती आणि मी तिची मुलगी होते. विश्वासाचा हिशेब मांडायचाच असेल तर याकोब तो तुमच्याकडे मागतो, चहा ओतणाऱ्या मुलीकडे नाही. आणि तुमच्याकडेही कोणी मागू नये असं मला वाटतं, कारण आई तुमच्यामुळे गेली नाही आणि माझ्यामुळेही नाही. किडन्या गेल्या होत्या.

मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट छपरातून खाली सोडतात. येशूने काय पाहिलं? त्यांचा विश्वास. अनेकवचन आहे. बाजेवरच्या माणसाच्या मनात विश्वास होता की शंका, शास्त्र सांगत नाही. कोणी विचारलंही नाही. इतरांनी छप्पर उकरलं आणि त्याला उचलून आणलं. मंडळी म्हणतात ती याला. ज्याच्यात चालायचं बळ नाही त्याला उचलायचं, त्याच्या बाजेशी उभं राहून त्याची परीक्षा घ्यायची नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोणाला सांगावं का. सांगा, पण माणूस बघून. साक्षीच्या सभेत उभं राहून मुळीच सांगू नका. आई गेल्यावर दोन महिन्यांनी मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, माझा विश्वास उरलाय की नाही मला सांगता येत नाही, समोर बसून पेटी वाजवणं खोटं वाटतं, दुसरं कोणी बघा. (मामांनी कमिटीत हाच विषय आधीच काढला होता, हे मला नंतर कळलं.) पाळकसाहेब थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रविवारी पहिलं गीत काळी दोनमध्ये घे. काळी चारमध्ये म्हाताऱ्या माणसांना वरचा सूर लागत नाही." बस्स. शास्त्रातलं वचन ऐकवलं नाही, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली नाही. मी रविवारी गेले आणि काळी दोनमध्ये घेतलं.

उपासनेत सगळे मिळून आपला विश्वास ठरलेल्या शब्दांत मोठ्याने म्हणतात, तो विश्वासांगीकार. तीन वर्षं त्या वेळी मी तोंड उघडलं नाही. पेटीवर हात ठेवून बसून राहायचे. मागे शंभर-सव्वाशे माणसं म्हणत असायची, त्यात आईच्या मैत्रिणी, त्यात मामाही. नायसियाचा विश्वासांगीकार, ज्याची सुरुवात इ.स. 325 च्या परिषदेत झाली, तो मूळ ग्रीकमध्ये 'आम्ही'ने सुरू होतो, 'मी'ने नाही. हे कळलं तेव्हा माझ्या खांद्यांवरचं ओझं खरोखर उतरलं. ज्या रविवारी मला म्हणवत नाही त्या रविवारी बाकीचे म्हणतात. पुढे कधीतरी कोणाला म्हणवणार नाही तेव्हा मी म्हणेन.

माझं ऑफिस फोर्टात. त्या वर्षांत डबा लवकर संपवून मी सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये जाऊन बसायचे. 1718 च्या नाताळात ते उपासनेसाठी उघडलं. किल्ल्याला तिकडे जाणारा जो दरवाजा होता तो चर्चगेट, आणि आपल्या स्टेशनचं नाव त्यावरून आलं. जुन्या मुंबईतले मैलाचे दगड याच देवळापासून मोजायचे, अजूनही एखादा सापडतो, त्यावर सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल असं कोरलेलं असतं. म्हणजे ज्या शिष्याला आपण शंकेखोर म्हणून हिणवतो त्या थोमाच्या दारापासून या शहराने आपले मैल मोजले.

तिथे बसून मी योहानाचा विसावा अध्याय कितीदा वाचला असेन. येशू मरणातून उठला असं बाकीचे सांगतात तेव्हा, त्याच्या खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास धरणारच नाही, असं थोमा म्हणतो, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढचे दोन शब्द कोणी बघत नाही: आठ दिवसांनी. ते आठ दिवस थोमा कुठे होता? बाकीच्यांबरोबर, त्याच घरात. दहा जणांनी प्रभूला पाहिलंय, एकाने नाही आणि तो स्पष्ट 'नाही' म्हणतोय. तरी त्यांनी त्याला घालवलं नाही आणि तोही उठून गेला नाही. प्रभू आला तेव्हा तो घरातच होता. तुम्हाला माझा एकच सल्ला आहे: घरात राहा. आणि तुमच्या त्या भावाला सांगा, थोमाला आठ दिवस जेवू घालणारे दहा जणही शिष्यच होते.

मोठ्या माणसांची उदाहरणं हवी असतील तर आपल्याकडेच आहेत. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंच्या शिकवणीवर प्रश्न विचारू लागल्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड महत्प्रयासाने काढलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी तिथल्या मठातल्या आपल्या सिस्टरांना कळवलं होतं. त्याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं आणि मूळ भाषा शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये पुस्तकरूपाने आली, त्यांत कित्येक वर्षांचा कोरडेपणा आणि अंधार आहे. 2016 मध्ये त्यांना संत घोषित केलं, ती पत्रं सगळ्यांनी वाचलेली असताना. तुरुंगातल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही निरोप धाडून विचारलं होतं, येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू त्याच्यावर रागावला नाही.

काही गोष्टी राहिल्या. औषधोपचार चालू असतील तर ते कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका, मग तो कितीही आत्म्याने भरलेला दिसो. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर ही नुसती शंका नाही, आधी मनाच्या डॉक्टरकडे जा, धर्माचे प्रश्न थांबू शकतात. आणि सगळ्या आरोग्यसभा खोट्या असतात असं माझं म्हणणं नाही. मामांची दारू अशाच एका सभेत सुटली, 1987 मध्ये, आणि ती आजतागायत सुटलेलीच आहे. मामी सांगते, त्या रात्रीपासून घरात मुलं शांत झोपायला लागली. ज्याला असं मिळालंय तो दुसऱ्यालाही तिथेच घेऊन जाणार. आईची खुर्ची पुढून त्यांनीच धरली होती, उलटं चालत, तीन मजले, तेव्हा त्यांची सत्तरी आली होती. हे मी विसरलेले नाही. तिसऱ्या दिवशीचं त्यांचं बोलणंही विसरलेले नाही.

माझ्या शंका गेल्या का, असं विचाराल तर सगळ्या गेल्या नाहीत. विश्वासांगीकार आता म्हणते, दोन ओळी सोडून, आणि त्या कोणत्या ते पाळकसाहेबांना ठाऊक आहे. तुम्हाला प्रार्थना येत नसेल तर आज रात्री स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. अठराच वचनं आहेत. शेवटी स्वतःच्या पदरचं काही चांगलं जोडू नका, जिथे संपतं तिथेच सोडा. आमेनसुद्धा म्हणवत नसेल तर राहू द्या, मी म्हणेन.