बाबा ५८ वर्षांचे आहेत, वजन स्थिर आहे, तरी स्नायूंच्या झिजेची तपासणी करावी का? डेक्सा स्कॅन (शरीरातले स्नायू, चरबी, हाडं मोजणारा क्ष-किरण स्कॅन) लागेल का?

करा. आणि वजन स्थिर आहे यावर विसंबू नका. आम्ही विसंबलो होतो.

आईचं वजन कितीतरी वर्षं ६१ च्या आसपास. दर तपासणीला "वजन छान राखलंय" ऐकून घरी यायचो. पोट सुटत होतं आणि पोटऱ्या वाळत होत्या, काट्याला दोन्ही सारखंच. कुकरचं झाकण तिला लागेना, जमिनीवरून उठताना भिंत धरायची. मी दादाला म्हटलं, हे नुसतं वय नाही. तो म्हणाला, "आयुष्यभर राबली, आता आराम करू दे." मग पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हातात नेऊन द्यायला लागला. दोन वर्षांनी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली आणि मनगट मोडलं.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठायचं-बसायचं. तिसऱ्या वेळी घडी सुटली, हात आपसूक खुर्चीच्या दांड्यांकडे गेले. पाच व्हायला २१ सेकंद. सार्कोपेनियाच्या, म्हणजे स्नायूंच्या झिजेच्या, २०१९ च्या आशियाई निकषांत १२ किंवा जास्त सेकंद लागले तर पुढची तपासणी करायची असं आहे. मग शिवणाची टेप पोटरीला लावली: २९ सेंमी. बायकांत ३३ च्या आत, पुरुषांत ३४ च्या आत असेल तर सार्कोपेनियाचा संशय घ्यायचा. ही टेप घरात मशीनच्या खणातच होती हो, कुणी सांगितलंच नाही!

बाबांचं याच दोन गोष्टींनी आज संध्याकाळी बघा. दवाखान्यात मुठीची ताकद मोजून मिळते, २०१९ च्या त्याच निकषांत पुरुषांत २८ किलोच्या खाली म्हणजे कमी. पाच प्रश्नांची 'सार्क-एफ' चाचणीही आहे (वजन उचलणं, चालणं, खुर्चीतून उठणं, जिना, पडणं), ४ किंवा जास्त गुण आले तर धोका. पण सुरुवातीचे रुग्ण तिच्यातून निसटतात, तेव्हा गुण कमी आले म्हणून निर्धास्त राहू नका. स्कॅनचं नंतर बघा.

आणि झीज निघाली तर त्यांना बसवून ठेवू नका. आई आता रोज खुर्चीवरून उठाबशा काढते, वाळूच्या पिशव्या उचलते, जेवणात उसळ आणि अंडं असतंच. १४ सेकंदांवर आली आहे. दादा अजून फोनवर म्हणतो, "कशाला छळतेस तिला?" दादा, छळ तो तांब्या होता. तुझ्याकडे येईल तेव्हा पाणी तिचं तिला उठून घेऊ दे.

पायांना सूज असेल तर टेपचा आकडा फसवतो. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. आणि वजन झपाट्याने उतरत असेल तर या चाचण्यांत वेळ घालवू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.