म्हैस खाते भरपूर, पण त्यातलं पचतं किती? घरी मोजता येईल का?

तुम्ही विचारलंय की म्हैस गव्हाण साफ करते, पण शेणात ज्वारीचे दाणे तसेच दिसतात, तर पचन मोजायचं कसं. मी मंगळवेढ्याकडचा. आमच्या एका पंढरपुरी म्हशीवर हा उद्योग आठवडाभर करून बघितलाय.

पहिल्याच दिवशी फसलो. 8 किलो कडबा, 15 किलो हिरवा मका, 2 किलो सरकी पेंड, असं 25 किलो पोटात गेलं आणि शेण भरलं 27 किलो! घरचे आठवडाभर हसत होते. घोळ पाण्याचा होता. हिरव्या मक्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, शेणात तर त्याहून जास्त. म्हणून वैरण आणि शेण दोन्ही वाळवूनच तोलायचं. किलोभर नमुना पत्र्यावर पसरा, वजन उतरायचं थांबलं की झालं. आपल्या सोलापूरच्या उन्हाला भट्टीची गरज नाही. थोडा ओलावा राहतो, पण तो दोन्हीकडे राहतो, त्यामुळे हिशेब फार बिघडत नाही.

वाळल्यावर खाल्लेलं निघालं 12 किलो, शेण 5. म्हणजे 7 किलो पचलं, साधारण 58 टक्के. खरं पचन याहून थोडं जास्तच, कारण शेणात आतड्याची झड आणि पोटातले जंतूही येतात.

अवघड काम शेण धरायचं. रात्री घमेलं घेऊन उठावं लागतं, मूत मिसळलं की वजन गेलं, आणि गव्हाणीत उरलेलं वजा करायला माणूस हमखास विसरतो. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठवड्याची सरासरी काढा. त्याआधी दोन-तीन आठवडे वैरण बदलू नका. पोटातल्या जंतूंना नवा चारा अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो.

प्रयोगशाळेत जनावराच्या पोटाला कायमची खिडकी करून नायलॉनच्या पिशवीत चारा आत सोडतात आणि ठरावीक तासांनी किती उरला ते तोलतात. 1963 पासून टिली आणि टेरी यांची काचेच्या नळीतली पद्धतही आहे: पोटातल्या रसात 48 तास, मग आम्ल आणि पेप्सिनमध्ये 48 तास.

तुमच्या दाण्यांसाठी मात्र एवढं कशाला? मूठभर शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. अख्खे दाणे उरले तर ज्वारी भरडून घाला, दाण्याचं टरफल फुटल्याशिवाय जंतूंना आत शिरता येत नाही. लांब-लांब धागे उरले तर रवंथ कमी पडतोय किंवा पेंड जास्त होतेय, तिकडे बघा. कुट्टीने नासाडी वाचते हे खरं, पण पचन वाढतं असं धरू नका. फार बारीक केली तर ती पोटातून लवकर पुढे सरकते आणि उलट कमी पचते.

आणि दारात कोंबड्या असतील तर चाळणीही नको. भरडा सुरू केल्यावर त्या शेण उकरायच्या थांबतात का, तेवढं बघा.