अर्ध्या सत्याची चिखलफेक

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

(अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतील वैयक्तिक आरोपांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : मी सातारा येथे तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. अमेरिकेतील निवडणूक म्हणजे धोरणांवरील वादविवाद, असे मी मुलांना सांगत आले. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या वंशावरूनच शंका घेतली गेली, तेव्हा वाईट वाटले. ही पातळी अलीकडेच घसरली आहे का?

आपल्याला वाईट वाटले हे स्वाभाविक आहे. परंतु ही पातळी अलीकडे घसरलेली नाही. १८०० साली जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन या दोन स्वातंत्र्यसेनानींच्या लढतीतही जेफरसन नास्तिक असल्याची आवई उठवली गेली होती आणि अ‍ॅडम्स यांच्या पुरुषत्वावर जाहीर शेरे मारले गेले होते. मात्र या रोगाची सगळी लक्षणे एकत्र पाहायची असतील, तर १८२८ सालची निवडणूक पाहावी.

त्या वर्षी अँड्र्यू जॅक्सन आणि तत्कालीन अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स समोरासमोर होते. जॅक्सन यांच्या पत्नी रेचेल यांचा पहिला विवाह अयशस्वी ठरला होता. पहिल्या पतीने घटस्फोट घेतला आहे अशा समजुतीने त्यांनी १७९१ मध्ये जॅक्सन यांच्याशी लग्न केले. प्रत्यक्षात पतीला तोवर केवळ घटस्फोटाचा दावा लावण्याची परवानगी मिळाली होती आणि घटस्फोट १७९३ मध्ये मंजूर झाला. चूक ध्यानात येताच दोघांनी जानेवारी १७९४ मध्ये पुन्हा विधिपूर्वक विवाह केला. या घटनेला तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, रेचेल साठीला आल्या असताना, सिनसिनाटीच्या एका संपादकाने हे प्रकरण उकरून काढले. एका व्यभिचारिणीला आणि तिच्या जाराला या ख्रिस्ती देशाच्या सर्वोच्च स्थानी बसवावे काय, असा सवाल त्याने वाचकांपुढे टाकला. हे वाक्य प्रश्नार्थक होते, एवढे लक्षात ठेवावे. पुढच्या उत्तरात त्याचे काम पडणार आहे.

जॅक्सन यांचे समर्थकही मागे नव्हते. रशियात राजदूत असताना अ‍ॅडम्स यांनी झारच्या भोगासाठी एक अमेरिकन मुलगी पुरवली, अशी कंडी त्यांनी पिकवली. मुळात घडले होते ते इतकेच, की अ‍ॅडम्स यांच्या घरातील दाईने लिहिलेले एक पत्र टपालात फोडून वाचले गेले आणि ते वाचून राजघराण्याला तिला पाहण्याचे कुतूहल वाटले.

या दोन्ही आरोपांत एक साम्य आहे आणि माझ्या मते सगळे मर्म तेथेच आहे. बदनामी क्वचितच निखळ खोटी असते. लग्न घटस्फोटाआधी झाले होते, हे खरे. दाई झारसमोर गेली होती, हेही खरे. आरोप करणारा खरी घटना उचलतो, तिच्याभोवतीची परिस्थिती कापून टाकतो आणि उरलेला तुकडा लोकांच्या हाती देतो. ‘नरो वा कुंजरो वा’ मधला ‘कुंजर’ शंखनादात बुडवावा, तसे हे आहे. आपण उल्लेखिलेल्या हॅरिस यांच्या बाबतीतही तेच घडले. ३१ जुलै २०२४ रोजी शिकागो येथे कृष्णवर्णीय पत्रकारांच्या अधिवेशनात डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, की हॅरिस आजवर केवळ भारतीय वारसा सांगत होत्या आणि अचानक कृष्णवर्णीय झाल्या. आई श्यामला गोपालन भारतीय, हे खरे. परंतु वडील जमैकाचे आणि शिक्षण कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात, हे अर्धे सत्य त्यांनी गाळले.

रेचेल जॅक्सन यांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. जॅक्सन निवडून आले. पण रेचेल व्हाइट हाऊसची पायरी चढल्याच नाहीत. २२ डिसेंबर १८२८ रोजी त्यांचे निधन झाले आणि टेनेसीतील नॅशव्हिलजवळच्या ‘हर्मिटेज’ या त्यांच्या घराच्या बागेत त्यांना पुरण्यात आले. निंदा या सत्त्वशील स्त्रीला घायाळ करू शकली, पण तिची अप्रतिष्ठा करू शकली नाही, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या समाधीवर कोरलेले आहेत. प्रचाराचा हिशेब आपण मतांत मांडतो, आणि ही समाधी त्या हिशेबात कुठेच धरली जात नाही.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत राहतो. निवडणुकीच्या काळात त्याला सर्वेक्षणाच्या नावाखाली विचित्र फोन येतात. याला ‘पुश पोल’ म्हणतात, असे तो सांगतो. हा प्रकार नेमका काय आहे? (पुणे)

पुश पोल हे सर्वेक्षण नव्हेच. सर्वेक्षणाच्या वेषातला तो प्रचार असतो. खऱ्या मतचाचणीत काहीशे ते हजार-दीड हजार माणसे निवडली जातात, त्यांना वय, शिक्षण, पसंती असे बरेच प्रश्न विचारले जातात आणि प्रत्येक उत्तराची नोंद होते. पुश पोलमध्ये शक्य तितक्या मतदारांना फोन लावतात, एखादा-दुसरा प्रश्न विचारतात आणि फोन ठेवून देतात. उत्तराशी कोणाला कर्तव्य नसते. प्रश्न कानावर पडला की काम झाले.

याचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण फेब्रुवारी २००० मधील आहे. रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी जॉन मॅकेन आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यात चुरस होती. न्यू हॅम्पशायर राज्याची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक) मॅकेन यांनी मोठ्या फरकाने जिंकली आणि सर्वांचे लक्ष १९ फेब्रुवारीच्या दक्षिण कॅरोलिनाच्या प्रायमरीकडे लागले. तेथील मतदारांना निनावी फोन येऊ लागले, पत्रके वाटली जाऊ लागली. फोनवरील प्रश्नाचा आशय असा होता : मॅकेन यांना विवाहबाह्य संबंधातून एक कृष्णवर्णीय अपत्य आहे असे आपल्याला कळले, तर आपण त्यांना मत देण्याची शक्यता वाढेल की कमी होईल?

मॅकेन दांपत्याच्या घरात सावळ्या रंगाची एक मुलगी खरोखरच होती. १९९१ मध्ये सिंडी मॅकेन यांनी ढाक्यातील मदर तेरेसांच्या अनाथालयातून तिला तान्हेपणी आणले होते आणि पुढे रीतसर दत्तक घेतले होते. प्रचारसभांत आई-वडिलांसोबत व्यासपीठावर ती दिसत असे. म्हणजे ज्याने फोनवर तो प्रश्न ऐकला, त्याला चार दिवसांनी सभेत ‘पुरावा’ स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार होता. एका अनाथ बालिकेला घर देण्याच्या कृतीचा असा उपयोग करावा, हे मला आजही असह्य वाटते.

त्या प्रश्नातील ‘तर’ या शब्दाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. त्यात आरोप केलेलाच नाही. केवळ एक शक्यता मांडली आहे. विधान असेल तर ते खोडता येते, त्याचा पुरावा मागता येतो. प्रश्न खोडायचा कसा? शिवाय उमेदवाराने ‘ती माझी अनौरस मुलगी नव्हे’ असे जाहीरपणे म्हणायचे ठरवले, तर ज्यांच्या कानावर ते गेले नव्हते त्यांच्याही कानावर ते जाते, आणि घरातील लेकीला ते ऐकावे लागते. मॅकेन ती प्रायमरी हरले. बुश यांच्या प्रचारयंत्रणेने या प्रकारात आपला हात असल्याचे नाकारले आणि ते फोन कोणी करविले, हे कधीच सिद्ध झाले नाही. सिनसिनाटीच्या संपादकाचे निदान नाव तरी वर्तमानपत्रावर छापलेले होते.

प्रश्न : आपल्याकडे उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटे विधान केल्यास निवडणूक रद्द होऊ शकते. अमेरिकेत अशी तरतूद का नाही? (एक वकील, नाशिक)

आपण ज्या तरतुदीचा निर्देश करता ती लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२३(४) होय. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, खोटे असलेले आणि स्वतःलाही खरे वाटत नसलेले एखादे विधान प्रतिस्पर्धी उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी प्रसिद्ध केले, आणि त्यामुळे त्या उमेदवाराच्या निवडून येण्याला बाध येण्याचा संभव असेल, तर ते भ्रष्ट आचरण ठरते आणि उच्च न्यायालय निवडणूक रद्द करू शकते. याचिका ४५ दिवसांत दाखल करावी लागते, हे आपण जाणताच.

अमेरिकेत केंद्रीय पातळीवर असा कायदा नाही आणि राज्यांनी केलेले कायदेही टिकणे कठीण असते, कारण तेथील घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याला फार मोठे संरक्षण दिले आहे. ओहायो राज्यात निवडणुकीतील खोट्या विधानांविरुद्ध कायदा होता. २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. बदनामीचा दिवाणी दावा लावता येतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ या निकालानुसार सार्वजनिक पदावरील व्यक्तीला विधान खोटे असल्याचे दाखवून भागत नाही. ते खोटे असल्याचे माहीत असतानाही, किंवा खऱ्याखोट्याची बेदरकारपणे पर्वा न करता केले गेले, हे सिद्ध करावे लागते.

ही अट किती कठीण आहे, ते बॅरी गोल्डवॉटर यांच्या दाव्यावरून कळते; आणि गोल्डवॉटर तर दावा जिंकलेले आहेत. १९६४ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार असताना ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने बारा हजारांहून अधिक मनोविकारतज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली. सुमारे २,४०० जणांनी उत्तरे दिली आणि त्यांपैकी १,१८९ जणांनी गोल्डवॉटर अध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या अपात्र असल्याचे मत नोंदवले. त्यांना तपासल्यावाचूनच हे निदान झाले होते. ज्यांनी उत्तरच दिले नाही त्या जवळजवळ दहा हजारांचे मौन मुखपृष्ठावर कसे दिसावे? तेथे १,१८९ हा आकडा तेवढा झळकला. गोल्डवॉटर यांनी दावा लावला आणि ज्युरीने त्यांना नुकसानभरपाई म्हणून एक डॉलर आणि दंडात्मक भरपाई म्हणून ७५,००० डॉलर मंजूर केले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास १९७० मध्ये नकार दिला, तोवर निवडणूक होऊन पाच वर्षे उलटली होती. या प्रकरणातून एक चांगली गोष्ट निघाली : प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सार्वजनिक व्यक्तीच्या मनाविषयी व्यावसायिक मत देऊ नये, असा दंडक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये घालून दिला.

तरीही आपला कायदा श्रेष्ठ आणि त्यांचा कनिष्ठ, असे मी म्हणणार नाही. सत्ताधाऱ्यांच्या हाती ‘खोटे विधान’ ठरवण्याचा अधिकार गेला तर काय होते, ते अमेरिकेने १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली पाहिले आहे. अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्यावर टीका करणाऱ्या पत्रकारांना तेव्हा तुरुंगात जावे लागले होते.

प्रश्न : मग उमेदवाराच्या खासगी आयुष्याविषयी कोणी काही बोलूच नये का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)

बोलावे, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे म्हणणे ऐकण्यासाठी बोलावे. १८८४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना विवाहबाह्य संबंधातून मूल असल्याची बातमी बफेलोच्या वर्तमानपत्राने छापली. क्लीव्हलँड यांनी मित्रांना ‘खरे तेच सांगा’ असा निरोप दिला आणि त्या प्रामाणिकपणाचे आजही कौतुक होते. ते निवडूनही आले.

या कौतुकात मरिया हॅल्पिन ही स्त्री हरवली. तिचे मूल तिच्यापासून काढून अनाथालयात ठेवले गेले होते आणि तिला काही काळ मनोरुग्णालयात डांबले होते. निवडणुकीच्या तोंडावर तिने शपथपत्रात क्लीव्हलँड यांच्यावर बळजबरीचा आरोप केला. विरोधकांनी ‘आई, आई, बाबा कुठे?’ अशी हेटाळणीची घोषणा केली, समर्थकांनी तिच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडवले, आणि तिचे म्हणणे खरे की खोटे हे तपासण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. आरोप गंभीर असेल तर त्याची चौकशी झाली पाहिजे. तो घोषणेत कोंबला की आरोपीवर अन्याय होतो, आणि पीडितेवर त्याहून मोठा.

प्रश्न : अशा प्रचाराने मते मिळतात का? आणि उमेदवाराने त्याला आळा घातल्याचे एखादे तरी उदाहरण आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर संशोधकांनी शोधले आहे. शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नकारात्मक प्रचार लोकांच्या अधिक लक्षात राहतो. परंतु त्याने हमखास मते मिळतात असा पुरावा सापडत नाही, उलट शासनसंस्थेवरील विश्वास थोडा कमी होतो, असे त्यात आढळले. तरी प्रचारतज्ज्ञ तेच करत राहतात, कारण निकालानंतर नेमके कशाने काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि आपण काही केले नाही म्हणून हरलो, हा ठपका कोणालाच नको असतो. १९८८ मध्ये जॉर्ज बुश (थोरले) यांचा प्रचार सांभाळणारे ली अ‍ॅटवॉटर यांनी प्रतिस्पर्धी उमेदवार मायकेल डुकाकिस यांच्याशी आपण क्रूरपणे वागलो, अशी कबुली दिली. पण ती १९९१ मध्ये, मेंदूच्या कर्करोगाने मृत्यू समोर दिसत असताना.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. १० ऑक्टोबर २००८ रोजी मिनेसोटा राज्यातील लेकव्हिल येथे मॅकेन यांची सभा होती. तेव्हा ते रिपब्लिकन पक्षाचे अधिकृत उमेदवार होते आणि मतचाचण्यांत मागे पडत होते. बराक ओबामा यांचा जन्म, धर्म आणि निष्ठा यांविषयी आवया जोरात होत्या. त्यांनाही आधार अर्ध्या सत्याचा होता, कारण ओबामांचे वडील केनियाचे होते. ओबामा अध्यक्ष होतील याची भीती वाटते, असे एका गृहस्थाने सभेत म्हटले, तेव्हा ओबामा सभ्य गृहस्थ आहेत आणि त्यांना भिण्याचे कारण नाही, असे मॅकेन यांनी सांगितले. नंतर एका महिलेने, ओबामा अरब आहेत, त्यांच्यावर माझा विश्वास नाही, असे म्हणताच मॅकेन यांनी मान हलवत तिच्या हातातील माइक परत घेतला. ‘नाही, बाईसाहेब,’ ते म्हणाले. ते सभ्य कुटुंबवत्सल नागरिक आहेत आणि मूलभूत प्रश्नांवर माझे त्यांच्याशी मतभेद आहेत, त्यासाठीच ही निवडणूक आहे. अरब असणे आणि सभ्य असणे यांत विरोध नसतो, हेही त्यांनी म्हणायला हवे होते, अशी टीका नंतर झाली आणि ती रास्त होती. पण आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या लेकीवरून जे सोसले, ते दुसऱ्याच्या वाट्याला येताना हा माणूस गप्प बसला नाही. त्यांचे हे बोलणे ऐकून सभेतील त्यांच्याच समर्थकांनी हुर्यो उडवली आणि मॅकेन यांनी ती ऐकून घेतली.