मंडळीत गायलेल्या गीताचे पैसे मिळतात का? ताई, आधी नाव मागा

जय ख्रिस्त ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शब्द तुमचे, चाल तुमची. तीन वर्षांत गीत चार मंडळ्यांत (चर्चमध्ये) पोचलं, एका गायनपथकाने त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि खाली साउंडवाल्यासकट सगळ्यांची नावं आहेत, फक्त तुमचं नाही. रॉयल्टी मिळेल का, आणि मागितली तर लोक काय म्हणतील, असं तुम्ही विचारलंय.

लोक काय म्हणतात ते मी ऐकून चुकलोय. "प्रभूने फुकट दिलं, त्याचे पैसे कसले?" असं मला सुनावणाऱ्या गृहस्थांनी त्याच नाताळात तबलजीला पाकीट दिलं होतं आणि मांडववाल्याचं बिलही चुकतं केलं होतं. फुकटाचा नियम गीतकारालाच तेवढा लागू होतो, का कोण जाणे.

आता कायदा. रविवारच्या उपासनेत मंडळी तुमचं गीत गाते त्याचा पैसा मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गायला-वाजवायला सूटच आहे. देवळातलं भजन असो की आपली उपासना, नियम एकच. (लग्नाच्या वरातीलाही ती सूट आहे. तिचा अर्थ कुठवर ताणायचा यावरून गोव्यातलं भांडण २०२४ मध्ये हायकोर्टात गेलं होतं.) त्यामुळे त्या चार मंडळ्यांवर रागावू नका.

पण सूट विधीत गाण्या-वाजवण्याची आहे, छापायची नाही. गीतपुस्तकात घेणं, रेकॉर्डिंग करून विकणं किंवा यूट्यूबवर चढवणं, तिकीट लावून गायनाचा कार्यक्रम करणं, या सगळ्याला तुमची परवानगी लागते.

अमेरिकेतही उपासनेत गाणं मोकळंच आहे. तिथे ठिणगी पडली ती झेरॉक्सवरून. एफईएल नावाच्या प्रकाशनाने १९७६ मध्ये शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतावर दावा लावला, कारण त्यांची गीतं चर्चमध्ये प्रती काढून वाटली जात होती. १९८४ मध्ये ज्यूरीने ३० लाख डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. पुढच्या वर्षी अपिलात तिचा मोठा भाग उडाला, पण तोवर चर्चवाल्यांना धडकी भरली होती. १९८८ मध्ये पोर्टलंडच्या हॉवर्ड रॅचिन्स्की या चर्चमधल्याच संगीतसेवकाने सीसीएलआय ही गीतं वापरण्याचा परवाना देणारी संस्था सुरू केली. चर्चने मंडळीच्या संख्येप्रमाणे वार्षिक फी भरायची, कोणती गीतं वापरली ते कळवायचं आणि त्यातून गीतकार-प्रकाशकांना वाटा जायचा. आपल्या तालुक्याच्या मंडळीत असं कोणी भरताना मी पाहिलेलं नाही, म्हणून तिकडची गणितं इथे लावू नका.

इथे तुमच्या हातात काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे नाव. कलम ५७ प्रमाणे "हे माझं आहे" म्हणण्याचा हक्क गीत विकून टाकलं तरी तुमच्याकडेच राहतो. माझं एक गीत दुसऱ्या जिल्ह्यातल्या गीतपुस्तकात 'पारंपरिक' म्हणून छापून आलं. मी तेव्हा चाळिशीतही नव्हतो! भर उपासनेत ते पुस्तक हातात धरून स्वतःचंच गीत गायलो. नंतर संपादकांना एक पोस्टकार्ड टाकलं, आणि पुढच्या आवृत्तीत नाव आलं. भांडण नाही, वकील नाही. बहुतेकांच्या मनात खोट नसते, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांच्या गीतांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, तरी आपण त्यांचं नाव घालतोच ना? मग जिवंत माणसाचं घालायला काय हरकत आहे?

पैशाचं थोडं किचकट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तुमचं गीत ध्वनिमुद्रणात आलं की त्याच्या वापरातली रॉयल्टी हक्क घेणाऱ्याबरोबर समान वाटून घेण्याचा तुमचा अधिकार तुम्हाला सोडताच येत नाही. वारस किंवा कॉपीराइट संस्था एवढाच अपवाद. म्हणून "सर्व हक्क दिले" अशा कागदावर सही झाली असली तरी धीर सोडू नका. वसुलीसाठी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे. सभासद व्हा, पण एका गीतावर घर चालेल अशी आशा नको. गीताची सरकारी नोंदणी सक्तीची नाही. केलीत तर फी ५०० रुपये आहे, आणि उद्या वाद झाला तर तारखेचा पुरावा राहतो.

एक गोष्ट मात्र स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. चाल खरंच तुमची आहे ना? आपल्याकडे निम्मी गीतं जुन्या भजनाच्या नाहीतर इंग्रजी गीताच्या चालीवर बसवलेली असतात. तसं असेल तर तुमचे फक्त शब्द. आणि शब्द जर एखाद्या अलीकडच्या इंग्रजी गीताचा अनुवाद असतील, तर परवानगी तुम्हीच घ्यायला हवी होती. तेव्हा बोट दाखवण्याआधी हे बघून घ्या.

सगळं स्वच्छ असेल तर पथकाच्या प्रमुखांना आजच व्हॉट्सअ‍ॅप करा: "व्हिडिओ आवडला. वर्णनात 'गीत व चाल' म्हणून माझं नाव घालावं, आणि यातून उत्पन्न होत असेल तर वाट्याबद्दल बोलूया." वहीतल्या मूळ पानाचा, तारीख दिसेल असा फोटो जोडा. व्हिडिओ काढून टाकण्याची तक्रार यूट्यूबकडे करता येते, पण ती आधी करू नका. पथकातली लेकरं कोवळी असतात, एका तक्रारीने पथक मोडतं. पंधरा दिवस थांबा. उत्तर नाहीच आलं तर इथे लिहा, तक्रारीचा फॉर्म आपण मिळून भरू.