बाद केलेल्या कागदांची नोंद पुसायची का?

प्रश्न: बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला एका घराण्यानं जुनी कागदपत्रं दिलेली आहेत, मोडी, मराठी, कन्नड सगळं मिक्स, त्यात एकाच दैनिकाचे डबल अंक पण. पावसाळ्यात खोलीला ओल येते, जागा पुरत नाही. कमिटी म्हणते नको ते रद्दीत घाला आणि रजिस्टरमधनं नोंद खोडा. काय करू?
– एक ग्रंथपाल

उत्तर: काढा की, पण रजिस्टरमधलं खोडू नका. काढण्यात गैर काही नाही, अमेरिकेतल्या आर्काइव्हवाल्यांच्या संस्थेनं २०१२ साली त्याची गाईडलाईनच काढली. घोळ होतो तो कुणाला न विचारता टेम्पो भरला की. आधी देणगीपत्र बघा, नको झालं तर परत द्यायचं असं काही त्यात आहे का. नसलं तरी त्या घरी एकदा विचारा हो, गावात तोंड दाखवायचंय.

डबल अंकांतली चांगली प्रत ठेवा, पण पानं उलटून मगच, एखाद्यात पान नसतं, एखाद्यात कुणीतरी पेनानं लिहिलेलं असतं. १९५६ चा नोव्हेंबर, म्हणजे भाषेवर राज्यं नव्यानं आखली तेव्हाचे, आणि १९६७ च्या, सीमावादावरच्या महाजन अहवालाच्या वेळचे अंक मी तरी दोन्ही ठेवीन, हा नियम नव्हे, माझा हट्ट समजा.

मोडी वाचता येत नाही म्हणून ते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, बाद करायचे नाहीत, वाचणारा मिळेपर्यंत तसेच बांधून ठेवा. आणि कन्नड कागद मराठी वाचनालयात कशाला म्हणणाऱ्यांना सांगा, हेच कारण कमिटीच्या ठरावात लिहा बघू! एकाच जमिनीच्या भांडणाचे अर्धे कागद मोडीत नि अर्धे कन्नडात असू शकतात, गठ्ठा फोडला की दोन्ही वाया. कुणी गोड बोलून विकत मागायला आलाच तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात असू दे, ७५ वर्षं झालेला ऐतिहासिक मोलाचा दस्त खासगी माणसाला परदेशात नेता येत नाही.

आता रजिस्टर. नोंद आहे तशी राहू दे, शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनानं ठराव नंबर, तारीख, किती गठ्ठे, का काढले, कुठं गेले. दुसऱ्या संस्थेला दिले तर त्यांची पोचपावती फाईलला लावा. रजिस्टरमधला तो दाखल नंबर दुसऱ्या कुठल्या कागदाला द्यायचा नाही. नाहीतर उद्या पीएचडीवाला येऊन विचारतो, नोंद खोडलेली, कपाट रिकामं, आणि चोरीचा आळ तुमच्यावरच.

रद्दीत जाणाऱ्यांतल्या उधारीच्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या तेवढ्या बारीक फाडून टाका. भज्याच्या पुडीवर गावातल्याच कुणाच्या आज्याचं कर्ज निघायला नको.