स्टेटस म्हणतो ‘दोन कमिट पुढे’, तरी पुश रिजेक्ट का होतं?

गिटच्या (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) स्टेटसमध्ये तुमचा मेन (मुख्य ब्रँच, म्हणजे कामाची मुख्य शाखा) ओरिजिन/मेनपेक्षा दोन कमिट (जतन केलेले बदल) पुढे दिसतो, मागे असल्याचा उल्लेखही नाही, आणि पुश केलं (कमिट सर्व्हरवर पाठवली) की ‘रिजेक्टेड, फेच फर्स्ट’ येतं, असा तुमचा प्रश्न आहे. गिट यात चुकत नाहीये. स्टेटस सर्व्हरला काही विचारतच नाही. ओरिजिन/मेन ही तुमच्याच मशीनवरची नोंद असते. शेवटचं फेच (सर्व्हरवरचे बदल नुसते आणणं), पुल (आणून लगेच आपल्या ब्रँचमध्ये मिसळणं) किंवा पुश झालं तेव्हा सर्व्हरवरचा मेन कुठे होता, एवढंच ती सांगते. म्हणजे जुळवायच्या गोष्टी तीन: तुमचा मेन, ही नोंद आणि सर्व्हरवरचा खरा मेन. तुमच्याकडे मधली नोंद शिळी झाली आहे, कारण दरम्यान दुसऱ्या कोणीतरी पुश केलंय.

म्हणून आधी नुसतं ‘गिट फेच --प्रून’ चालवा. फेच तुमच्या फायलींना आणि लोकल ब्रँचना हात लावत नाही, त्यामुळे काम अर्धवट असतानाही चालतं. प्रूनमुळे सर्व्हरवरून काढलेल्या ब्रँचच्या नोंदी जातात. त्यांच्या लोकल ब्रँच मात्र राहतात; ‘गिट ब्रँच -व्हीव्ही’मध्ये त्यांच्यापुढे ‘गॉन’ दिसतं, त्या हातानेच काढायच्या.

आता स्टेटस पुन्हा बघा. तुमच्या बाबतीत ‘डायव्हर्ज्ड’ दिसेल: दोन्हीकडे वेगवेगळी कमिट. तुमची दोन कमिट अजून कोणाकडे गेलेली नाहीत, तेव्हा ‘गिट रिबेस ओरिजिन/मेन’ करा (म्हणजे तुमची कमिट सर्व्हरच्या कमिटनंतर नव्याने रचली जातात) आणि मग साधं पुश. तीच कमिट दुसऱ्या कोणी घेऊन त्यावर काम सुरू केलं असतं, तर मर्जच (दोन्ही बाजू एका नव्या कमिटने जोडणं) करायला सांगितलं असतं, कारण रिबेसने कमिटचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतात आणि समोरच्याकडे जुनी-नवी दोन्ही कमिट राहतात.

रिबेस करताना कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोन्हीकडून वेगळे बदल) आला तर इथे नीट लक्ष द्या. रिबेसमध्ये ‘अवर्स’ म्हणजे सर्व्हरकडून आलेली बाजू आणि ‘दीअर्स’ म्हणजे तुमचं स्वतःचं कमिट, मर्जच्या अगदी उलट. घाईत ‘अवर्स’ निवडून स्वतःचंच काम पुसलं जाण्याचं हे नेहमीचं कारण. शंका आली तर ‘गिट रिबेस --अबॉर्ट’ करून जिथे होता तिथे परत या.

पुलबद्दल माझं मत ठाम आहे: ‘पुल.एफएफ’ची किंमत ‘ओन्ली’ ठेवा. फक्त मागे असाल तर पुल सरळ होतं; फाटे फुटले असतील तर ते थांबतं आणि निर्णय तुम्ही घेता. २.३३ आवृत्तीपासून सेटिंग नसेल तरी गिट अशा वेळी थांबतंच, पण जुन्या आवृत्त्या न थांबता मर्ज कमिट बनवतात.

स्वतःची आधीच पुश केलेली ब्रँच रिबेस केली तर फोर्स (सर्व्हरवरची जुनी कमिट बदलणारं पुश) लागणारच. तिथे नुसतं ‘--फोर्स’ नको, ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरा; सर्व्हरवरची ब्रँच अपेक्षेप्रमाणे नसेल तर ते पुश थांबवतं. मात्र ही तुलना त्याच मधल्या नोंदीशी (ओरिजिनच्या लोकल नोंदीशी) होते. एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल, तर नोंद ताजी होते आणि तुम्ही न पाहिलेलं कमिटही उडतं. ऑटो-फेच बंद करा, किंवा २.३० पासून आलेलं ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ सोबत द्या.

टॅग (एखाद्या कमिटला दिलेलं नाव) साध्या पुशबरोबर जात नाहीत. ‘--फॉलो-टॅग्ज’ही फक्त अ‍ॅनोटेटेड टॅग (संदेशासह बनवलेले) नेतं, हलका टॅग (नुसतं नाव) नाव देऊन वेगळा पुश करावा लागतो.